शेऱ्याचा रकाना

शुक्रवार, २० सप्टेंबर. एसीच्या जाळ्या धुवायच्या होत्या. आमच्या कतारमधल्या, अल वक्राच्या फ्लॅटमध्ये तीन एसी आहेत. उन्हाळाभर ते बंद होत नाहीत, आणि धूळ अशी की पंधरा दिवसांत जाळीवर गोधडी तयार होते. मेंटेनन्सचा माणूस बोलावला तर तो जाळी बाल्कनीत झटकतो आणि निम्मी धूळ परत घरात सोडून जातो. म्हणून हे काम मी स्वतः करते. बादली, जुना टूथब्रश, भांड्यांचा साबण. नवरा जुम्म्याच्या नमाजाला गेला होता, मुलगी खोलीत अभ्यास करत होती किंवा करत नव्हती, आणि माझे हात कोपरापर्यंत काळे झालेले असताना फोन वाजला. गावाहून धाकट्या बहिणीचा.

मी मुलीला हाक मारली. तिने फोन बेसिनच्या कडेला उभा केला, स्पीकर लावला, खालाला, म्हणजे मावशीला, इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली आणि गेली. खालाने तिला मराठीत विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ती थांबली नाही.

"आपा, एक विचारू? वहीत लिहिलेला ठराव रद्द कसा करतात गो?"

"काय लिहिलंय त्यात?"

"तेच तर. मी लिहिलेला नाय. पण खाली सही माझी हाय."

मी जाळी बादलीत सोडून दिली.

बहीण आमच्या गावाची सरपंच आहे. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. निम्मी वस्ती आम्हा मुसलमानांची, निम्मी खारव्यांची आणि भंडाऱ्यांची, आणि सगळ्यांचं पोट मासळीवर. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा तिच्या सासरच्यांनी तिला उभं केलं. बाईने खुर्चीत बसायचं आणि कारभार तिच्या चुलत दिराने पाहायचा, असा साधा हिशेब होता. तो उपसरपंच झाला. पहिलं वर्षभर तसं चाललंही. मग बहिणीने एक दिवस दप्तराच्या कपाटाची किल्ली मागून घेतली आणि परत दिली नाही. एवढ्यावरून घरात काय झालं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिने एकच गोष्ट मनावर घेतली होती. पाणी. आमच्या विहिरीला होळीनंतर मचूळ पाणी लागतं, कारण भरतीचं पाणी आत शिरतं. डाळ शिजत नाही, चहा फाटतो. राज्याच्या योजनेतून टेकडीवर टाकी आणि खाली नळ असं मंजूर झालं. पहिल्या हप्त्यात टाकी उभी राहिली, पाइप आले. दुसरा हप्ता अडकला. वर्षभर पाइप रस्त्याच्या कडेला पडून होते आणि बायका त्यांच्यावर सुकट वाळत घालत होत्या.

मग जिल्ह्यातून पत्र आलं. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी केंद्राच्या सुरक्षा यंत्रणेला सहकार्य करण्याचा ठराव करावा, गावात राहणाऱ्या बाहेरच्या माणसांची यादी सोबत जोडावी आणि पुढे दर महिन्याला पाठवावी. ठराव आणि यादी आली की राज्याकडचा पुढचा हप्ता सुटेल. ५ ऑक्टोबर ही शेवटची तारीख. सोबत ठरावाचा नमुना आणि यादीचा तक्ता.

आमच्या गावात बाहेरची माणसं म्हणजे बोटींवरचे खलाशी. बरेचसे नेपाळचे. ऑगस्टमध्ये येतात, पावसाळ्याआधी जातात. त्यातला एक तर अकरा वर्षं येतो आहे आणि माझ्या मुलांपेक्षा चांगली आमची बोली बोलतो.

बहिणीचा यादीला विरोध नव्हता, हे आधीच सांगते, कारण नंतर लोकांनी भलतंच पसरवलं. समुद्राकडून धोका येऊ शकतो हे किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. बोटीवर कोण चढतं, कोण उतरतं, याची नोंद असावी असं तिचंच म्हणणं होतं. तिचा आक्षेप तक्त्यातल्या शेवटच्या रकान्याला होता. नाव, मूळ गाव, ओळखपत्र, बोट, मालक, मोबाइल, आणि मग शेरा. शेऱ्याखाली दोनच पर्याय छापले होते: 'संशयास्पद' आणि 'नाही'. आणि तळाला छापील ओळ, की हे शेरे ग्रामसभेने चर्चा करून निश्चित केले आहेत.

ग्रामसभेने काहीच निश्चित केलं नव्हतं. झालं होतं ते असं. आमच्याकडे सभा संपता संपता वही फिरते. आधी सह्या, मग मजकूर. चहा गार होत असतो, कुणाला बोटीवर जायचं असतं, आणि ग्रामसेवकाकडे तीन गावं, त्यामुळे तो बिचारा इतिवृत्त नंतर सवडीने लिहितो. वडील सदस्य होते तेव्हाही असंच चालायचं. ऑगस्टच्या सभेत बहिणीने अशाच एका कोऱ्या पानाच्या तळाशी सही केली. त्या पानावर ग्रामसेवकाने वरून आलेला नमुना जसाच्या तसा उतरवला, आणि पुढच्या पानावर यादी. शेरे त्याला उपसरपंचाने सांगितले. सात नावांपुढे 'संशयास्पद'. सातही जण एकाच बोटीवरचे, आणि त्या बोटीच्या मालकाशी उपसरपंचाचं बंदरावर बोट लावायच्या जागेवरून दोन वर्षं वैर.

प्रती काढायला वही बाहेर आली तेव्हा बहिणीने ते वाचलं. ग्रामसेवकाला तिने थांबवलं. तो म्हणाला, मॅडम, आहे ते पाठवलं तर हप्ता येतो. पान फाडता येत नाही, खोडता येत नाही. बघा.

मी तिला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. कोऱ्या पानावर सही, आणि तीही तू. ती म्हणाली, "झालं तुझं? आता उपाय सांग."

उपाय मला माहीत होता. मी लुसैलला इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. टॉवरमध्ये कामाला जाणाऱ्या माणसांच्या याद्या, परवाने, नकाशांच्या प्रती, पत्रांचे जावक क्रमांक. कुठला कागद कुणाकडे कधी गेला हे अर्ध्या मिनिटात सांगता आलं पाहिजे, एवढंच माझं काम. बारा वर्षं करते आहे. या कामातली पहिली शिकवण अशी, की चुकीचा कागद नाहीसा करायचा नसतो. नाहीसा केला की तुम्ही गुन्हेगार. तो तसाच ठेवायचा, त्याच्यावर नवा कागद काढायचा आणि नव्यावर स्पष्ट लिहायचं की जुना अमुक क्रमांकाचा, अमुक तारखेचा, आजपासून रद्द.

हे मी तिला सांगितलं. दोन ऑक्टोबरची ग्रामसभा ठरलेलीच असते, त्या दिवशी नवा ठराव घ्यायचा. यादी द्यायची, पूर्ण द्यायची, पण प्रत्येक नाव त्या माणसाला वाचून दाखवून. आम्ही गेट पासची यादी पाठवण्याआधी असंच करतो. वाचून दाखवली नाही तर कुणाचा तरी आयडी क्रमांक चुकतो आणि तो माणूस सकाळभर गेटबाहेर उन्हात उभा राहतो.

"आणि शेऱ्याचं?"

"त्याचा विचार करते," मी म्हटलं आणि जाळ्या धुवायला घेतल्या.

नवरा आला तो दोन माणसं जेवायला घेऊन. दोघेही आमच्या गावचे. गावातली इथं नोकरीला असलेली माणसं मिळून एक जमात आहे. दर महिन्याला थोडं थोडं काढतात, गावाला काही लागलं की पाठवतात. मशिदीचं छप्पर त्यांनी केलं, शाळेचे संडास त्यांनी बांधले. दोघांतले वयाने मोठे ते जमातीचे अध्यक्ष. त्यांच्यापर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती.

अध्यक्ष म्हणाले, तुमच्या बहिणीला सांगा, आहे ते कागद पाठवून दे, यल्ला, खलास. सात नेपाळी गेले तर दुसरे सात येतील.

"आपल्याबद्दल इथं असंच बोलतात," मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी उरलेला भात संपवला. पण माणूस वाईट नाही. हात धुताना म्हणाले, एवढंच असेल तर हप्त्याची वाट कशाला पाहता, जमात पैसे काढेल. पाइप आहेतच, पुरायचेच आहेत. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला फार पटलं. भांडण नाही, कागद नाही, पाणी येतं. मी तेव्हाच बहिणीला फोन लावला.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना माझं शुक्रन सांग. पण नको."

"का?"

"छप्पर तुमचं, संडास तुमचे, पाणीपण तुम्हीच देणार. मग मी त्या खुर्चीत बसून काय करू, सुकट राखू?"

तिचं म्हणणं असं, की पाणी ही गावाच्या हक्काची गोष्ट आहे. ती आखातातल्या ओव्हरटाइमवर मागून घेतली की पुढच्या वेळी राज्यही म्हणणार, यांना द्यायची गरज काय. आणि ते सात जण संशयास्पद म्हणून वहीत राहणार ते राहणारच. अध्यक्षांना मी एवढंच सांगितलं की ती नको म्हणते. ते म्हणाले, बापावर गेली आहे. आमचे वडील जमातीच्या जुन्या मंडळींशी आयुष्यभर भांडले होते, त्यामुळे ही स्तुती नव्हती.

मला यादीबद्दल हळवेपणा नाही. एकोणीस वर्षं मी स्वतः यादीतलं नाव आहे. माझा फोटो, बोटांचे ठसे, पत्ता, नवऱ्याचं नाव, सगळं कुणाकडे तरी आहे, आणि त्या बदल्यात मी इथं काम करते, मुलं शिकतात, हॉस्पिटलात कार्ड चालतं. व्यवहार आहे. कुणी माझं नाव लिहून घेतलं म्हणून मला कधी कमीपणा वाटला नाही. म्हणून सुरुवातीला मला बहिणीचं थोडं अतीच वाटलं होतं. त्या रकान्यात सगळ्यांपुढे 'नाही' लिहून टाक आणि मोकळी हो, असं मी तिला म्हटलंही.

त्यावर ती म्हणाली, "मना काय ठाऊक ते संशयास्पद नायत? मी त्यांच्या पोटात शिरून बघितलंय? 'हाय' लिहिलं तरी खोटं, 'नाय' लिहिलं तरी खोटं."

आमच्या घरात हुशार मी, असं लहानपणापासून ठरलेलं आहे. ती बारावीनंतर थांबली, मी पदवीधर. त्या दिवशी मी ते ठरलेलं मनातल्या मनात खोडलं.

पुढचे दहा दिवस आम्ही ठराव लिहिला. ती गावातून, मी जाता-येता मेट्रोत. वक्रा ते लुसैल म्हणजे लाल लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बसायला जागा मिळते आणि लिहायला वेळ. मी मुद्दे पाठवायचे, ती त्यातले निम्मे काढून टाकायची. मी सवयीने प्रत्येक गोष्टीला पोटकलम जोडते. ती म्हणायची, सभेत बायका उभ्या असतात, एवढं ऐकेपर्यंत त्यांचे पाय दुखतील. शेवटी सहा ओळी उरल्या. शेऱ्याच्या रकान्याचा तोडगा तिचाच. रकाना रिकामा सोडायचा नाही. त्यात असं लिहायचं, की ग्रामसभा कुणावर शेरा मारत नाही. ज्याला कुणावर संशय असेल त्याने कारण, तारीख आणि स्वतःचं नाव लिहून, सही करून अर्ज द्यावा. ग्रामपंचायत तो त्याच दिवशी पोलिसांकडे पोचवेल.

मंगळवारी, म्हणजे सभेच्या आदल्या दिवशी, परतीच्या मेट्रोत तिचा फोन आला. सगळं ठरलं होतं, तरी तिला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पहिली ही, की ऑगस्टमध्ये आपण कोऱ्या पानावर सही केली हे सभेत सांगायचं का. मी म्हटलं, अजिबात नाही. ठरावात जुना क्रमांक आहे, रद्द म्हटलं आहे, तेवढं पुरे. कारण विचारलं तर तांत्रिक दुरुस्ती म्हण. आम्ही तेच म्हणतो. जी गोष्ट कुणी विचारलेली नाही ती कागदावर आणायची नाही, हीसुद्धा माझ्या कामातली शिकवण आहे. ती हूं म्हणाली.

मग दुसरी.

"तुझ्या गेट पासच्या यादीत शेऱ्याचा रकाना असतो?"

"असतो. रिमार्क्स."

"भरतं कोण?"

"त्या त्या सुपरवायझरने भरायचा."

"आणि तू?"

"मी टाइप करते."

स्टेशन आलं, मी उतरले, आणि उद्या साडेआठला फोन चालू ठेव म्हणून सांगितलं.

गावची सभा अकराला, म्हणजे आमचे साडेआठ. लुसैलच्या ऑफिसात नकाशे छापायची एक खोली आहे. मोठं मशीन, कागदाच्या गुंडाळ्या, बसायला एक स्टूल. त्या आवाजात कुणी येत नाही. मी दार लावून कानात इयरफोन घालून बसले. बहिणीने फोन टेबलावर पालथा ठेवला होता. दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. माइकची शिट्टी, पंखा, खुर्च्या ओढल्याचा आवाज, कुणाचं तरी रडणारं पोर.

बहीण घरात आमची बोली बोलते, सभेत पुस्तकी मराठी. तिने आधी जिल्ह्याचं पत्र वाचलं, पूर्ण. हप्ता अडकला आहे तो या अटीवर, हे सोप्या भाषेत सांगितलं. मग तिने वहीतल्या पानाचा क्रमांक सांगितला आणि म्हणाली, "या पानावरचा मजकूर सभेत झालेला नाही. खाली सही माझी आहे. मी सही केली तेव्हा पान कोरं होतं. चूक माझी आहे. आजपासून या गावात कोऱ्या पानावर सही होणार नाही, माझी तर नाहीच."

मी स्टुलावरून उठले. मी तिला इतकं स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या डोक्यात एकच, की आता उपसरपंच तिच्यावर अविश्वासाचा ठराव आणणार आणि तिनेच त्याच्या हातात कोलीत दिलं.

पहिली बोलली ती मागून एक म्हातारी. "सहीचं जाऊ दे गो. पानी येनार का नाय ते सांग."

लोक हसले. बहीणही हसली असावी, कारण पुढचं वाक्य तिने बोलीत म्हटलं. "मावशी, ते मना ठाऊक नाय. खोटं कसं सांगू?"

मग यादी. पंचवीस-तीस खलाशी बाहेर अंगणात उभे होते. तिने त्यांना आत बोलावलं. एकेकाचं नाव वाचलं, ओळखपत्र त्याच्या हातात, बोट, मालक, बरोबर आहे का, हो, पुढचा. त्या सात जणांना वेगळं काढलं नव्हतं, सगळ्यांत मिसळूनच वाचलं. अकरा वर्षं येणारा तो खलाशी आपलं नाव झाल्यावर म्हणाला, ताई, बोट चुकली. गणपतीपासून मी दुसऱ्या बोटीवर आहे. तिने ते तिथेच दुरुस्त केलं आणि दुरुस्तीपुढे त्याची सही घेतली. मला बरं वाटलं. याला म्हणतात यादी.

शेऱ्यापाशी उपसरपंच उठला. त्याचा आवाज मी लग्नाकार्यातून ओळखते, मोठा आणि गोड. म्हणाला, वहिनींचं मन मोठं आहे, पण वरचे लोक असा तक्ता घेणार नाहीत. त्यांनी विचारलंय ते सांगा. गावाची सुरक्षा आहे, भावनेचा विषय नाही. आणि पाणी गेलं तर जबाबदारी कुणाची? दोन-चार माना हलल्या असणार. हो हो, असं ऐकू आलं.

बहीण म्हणाली, "भाई, तुमचं बरोबर आहे. सुरक्षा आहे. तुम्हाला सात जणांवर संशय आहे, तो आपण आजच पोचवू. हा कागद, हा पेन. नावं लिहा, कारण लिहा, खाली तुमची सही करा. मी स्वतः घेऊन जाते."

पंखा फिरत होता. मी इयरफोन दाबून धरला होता.

"मी कुठं म्हणालो संशय आहे," उपसरपंच म्हणाला. "मी आपलं ऐकीव सांगितलं."

"कुणाकडून ऐकलंत? त्यांना बोलवू."

तो खाली बसला असणार. बहिणीने पेनचा आग्रह पुन्हा केला नाही, हे तिचं मला विशेष आवडलं. मी असते तर केला असता. तिने सहा ओळी वाचल्या, हात वर करायला सांगितले, मोजले. ग्रामसेवकाने मजकूर वहीत उतरवला, तिने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि मग सह्या घेतल्या. चहा तोवर गार झाला होता. एकजण कुरकुरला, तर तीच म्हातारी म्हणाली, "गार तर गार. गिळ."

फोन बंद झाल्यावर मी एक नकाशा छापून घेतला, कारण आले होते ते छापायला. मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटला. तिने माझा सल्ला मोडला म्हणून जास्त वाटला. मी सांगितलं तसं ती तांत्रिक दुरुस्ती म्हणाली असती, तर उपसरपंचाने पहिल्याच वाक्यात विचारलं असतं, सही कुणाची? आणि मग ती सगळी सभा उत्तरं देत बसली असती. तिने ते हत्यार आधीच टेबलावर ठेवून दिलं, तेव्हा त्याच्याकडे उचलायला काही उरलं नाही. हे मला बारा वर्षांच्या नोकरीत सुचलं नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, अध्यक्षांना सांगू का? मी म्हटलं, सांग, पेनचं नक्की सांग. मुलगी तिथेच फोन पाहत बसली होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "शी सेड दॅट? खाला?" म्हणजे सगळं मराठी कळत होतं.

पुढचं काय झालं असं पुष्कळांनी विचारलं. तक्ता तालुक्याला गेला, पोच मिळाली. दहा दिवसांनी विचारणा आली की शेऱ्याचा रकाना नमुन्याप्रमाणे का नाही. बहिणीने ठरावाची प्रत पुन्हा पाठवली. मग निवडणूक आली, आचारसंहिता लागली, सगळंच थांबलं. त्या दोन महिन्यांत तिने गावात पुष्कळ ऐकून घेतलं. बाईच्या हट्टापायी पाणी गेलं, असं तिच्या दारातून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणणारे होते. जानेवारीत हप्ता आला. रकान्याबद्दल पुन्हा कुणी काही विचारलं नाही. त्या होळीला पाइप जमिनीत होते. सगळ्या वाड्यांना अजून नळ नाहीत, खालच्या वाडीला दिवसाआड येतं. पण येतं, आणि त्यात डाळ शिजते. खलाशांची यादी दर महिन्याच्या पाच तारखेला जाते. एकही अर्ज अजून आलेला नाही.

हे सगळं नंतरचं. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काही माहीत नव्हतं. तीन ऑक्टोबर, गुरुवार. मी नेहमीची मेट्रो पकडली आणि सातला ऑफिसात पोचले. टेबलावर सुपरवायझरची पुढच्या आठवड्याच्या गेट पासची यादी आलेली होती. बावीस नावं. दोन प्लंबरांपुढे रिमार्क्समध्ये लिहिलं होतं, 'प्रॉब्लेम मॅन'. मी ती टाइप केली नाही. त्या दोन नावांपुढे पेन्सिलने खूण केली आणि सुपरवायझरला फोन करून वर बोलावलं. तो आला, हसत म्हणाला, मॅडम, क्या हुआ, हमेशा तो ऐसे ही जाता है. मी त्याला खुर्ची दिली, यादी त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं की कारण लिही, तारीख लिही, खाली तुझं नाव लिही, मग मी पाठवते. त्याने ते दोन शब्द स्वतःच्या हाताने खोडले, बाजूला सही केली आणि खाली गेला. मी बावीस नावं टाइप केली, आयडी क्रमांक पुन्हा एकदा ताडून पाहिले आणि आठच्या आत यादी गेटला पाठवून दिली.